‘जुना टॉवर पाडा, ग्रीन टॉवर बांधा’ म्हणे!

नरिमन पॉइंटच्या सत्तरच्या दशकातल्या टॉवरांवरचा तो व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आता मामांच्या ऑफिस इमारतीच्या प्रिमायसेस सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन पडला, आणि त्यावर ठराव करायचं घाटतंय. म्हणे 50 वर्षांचं काँक्रीट मेलेलं असतं, पाडून काचेचा टॉवर बांधा. नाहीतर खिडक्यांना काळी फिल्म, मोठा चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) आणि गच्चीवर सोलर लावा, वीजबिल शून्य.

शून्य! मांडा हिशोब. समजा टॉवर 20 मजल्यांचा, मजला 800 चौरस मीटर. टाक्या, लिफ्टची मशीनरूम, कूलिंग टॉवर सोडून निम्मी गच्ची उरली असं धरा. किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर, म्हणजे 40 किलोवॉट. वर्षाला जेमतेम 56 हजार युनिट. एसी ऑफिसला चौरस मीटरमागे वर्षाला 150 युनिट धरले तर लागतात 24 लाख. सोलर लावाच, पण जिन्यातले-पॅसेजमधले दिवे निघाले तरी मिळवली.

काँक्रीट मेलंय की नाही हे वयावरून ठरत नाही. कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा नमुना, काढायचा, ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन मारायचं. गुलाबी झालं तिथे कार्बोनेशनपासून तरी सळी सुरक्षित. रंग चढलाच नाही तो थर कार्बोनेट झालेला, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सळीला गंजापासून वाचवणारा त्याचा अल्कधर्मी गुण गेलेला. तो सळीपर्यंत पोचलाय का, एवढंच बघायचं. समुद्रकाठी क्लोराइडची, म्हणजे खारेपणातून मुरून सळी गंजवणाऱ्या मिठाची, चाचणी वेगळी, ते या रंगात दिसत नाही. क्लोराइड खोल मुरून सळ्या जागोजाग बारीक झाल्या असतील तर पाडणं रास्त, हे कबूल. मजल्यांची उंची कमी म्हणून एसीच्या हवेचे डक्ट बसत नाहीत, हेही खरं. पण ते तपासल्यावर बोला.

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग 1931ची. तिच्या 6,514 खिडक्यांच्या काचा फेकल्या नाहीत. पाचव्या मजल्यावरच उघडून, दोन काचांमध्ये फिल्म ताणून, वायू भरून परत बसवल्या. रेडिएटरमागे परावर्तक अस्तर लावलं, दिवे सुधारले. एसीवरचा भार घटला, म्हणून नवे चिलर न घेता होते तेच सुधारले. ऊर्जाबचतीचं लक्ष्य होतं 38 टक्के. तिथे थंडीही अडवायची होती, आपल्याला ऊन; क्रम मात्र तोच, आधी भार कमी करा, मग यंत्र.

उलट केलंत तर मोठा चिलर कमी भारावर चालू-बंद होत राहतो, हवेतली ओल निघत नाही आणि फॉल्स सीलिंगला बुरशी धरते. काळी फिल्म ऊन शोषून काच तापवते, अर्धी सावलीत असली की तडकते, वर भर दुपारी दिवे लावावे लागतात. पश्चिमेला बाहेरून लूव्हर, म्हणजे ऊन अडवणाऱ्या तिरक्या पट्ट्या, लावा.

ठराव करायचाच तर कोअर टेस्टचा आणि मजलावार वीजमीटर बसवण्याचा करा.