ओळखी वाढवण्याचे उद्योग

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी तयार करणाऱ्या माणसाने पहाटे पाचला उठून, इस्त्रीचा शर्ट घालून, सात वाजायच्या आत बाणेरच्या हॉटेलात हजर राहावे, याला काही व्यावसायिक कारण असू शकते हे मला बरीच वर्षे कोणी पटवून देऊ शकले नव्हते. ते काम अखेर माझ्या भाच्याने केले. त्याने व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेतलेली असल्यामुळे माझ्या धंद्याविषयी त्याला माझ्यापेक्षा जास्त काळजी वाटते. "मामा, तुमचा माल चोख आहे, पण तुमचं नेटवर्किंग शून्य आहे," असे त्याने दिवाळीच्या फराळाला जाहीर केले. मला ओळखणारी माणसे पुष्कळ आहेत, असे मी म्हटल्यावर तो म्हणाला, "ते नातेवाईक आहेत, मामा. घर बदलताना तुमच्याकडून फुकट खोकी नेतात." माझी बहीण शेजारीच बसलेली होती आणि तिने मागच्याच महिन्यात घर बदलले होते, म्हणून मी विषय वाढवला नाही.

या प्रकाराचा इतिहास मात्र आदरणीय आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आपल्या तीन परिचितांना एकत्र बोलावले. त्यांच्यात एक कोळशाचा व्यापारी होता, एक खाणींचा अभियंता आणि एक शिंपी. प्रत्येक बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागली म्हणून मंडळाचे नाव रोटरी पडले, आणि एका व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा, असा दंडकही सुरुवातीच्या काळातच रूढ झाला. हॅरिस यांना परक्या महानगरात गावाकडच्यासारखी मैत्री हवी होती. धंदा तिच्या पाठोपाठ आला. पुढे १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात आयव्हन मिसनर यांनी बीएनआय ही संस्था काढली आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देण्याच्या या व्यवहाराला आठवड्याची शिस्त लावली. आज पुण्यात अशी लहानमोठी मंडळे उदंड आहेत. मी ज्या मंडळात गेलो त्याचे नाव सांगत नाही, कारण मी वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेली आहे.

एका व्यवसायातला एकच सभासद, हा नियम आमच्याकडेही आहे आणि तो मोडू नये म्हणून सभासद जे कष्ट घेतात ते पाहण्यासारखे असतात. आमच्यात विमा विकणारा फक्त एक आहे. दुसरे गृहस्थ आरोग्यविमा विकतात, तो वेगळा विषय झाला. तिसरे निवृत्तीनियोजन करतात, चौथ्या बाई 'आर्थिक स्वास्थ्य मार्गदर्शक' आहेत, आणि पाचवे केवळ 'भविष्याविषयी जागृती' करतात. या पाचही जणांनी पहिल्याच सकाळी माझे वय विचारले. मी वय सांगितल्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर क्षणभर जे भाव उमटले, त्यावरून मला माझ्या प्रकृतीविषयी प्रथमच चिंता वाटू लागली.

नाश्ता उभ्याने असतो. बसून खाल्ल्यास माणूस एकाच टेबलाशी अडकतो आणि ओळखी वाढत नाहीत, असे त्यामागचे शास्त्र आहे. आता परिस्थिती अशी की डाव्या हातात इडली, मेदूवडा, चटणी आणि सांबाराची काठोकाठ भरलेली वाटी अशी सगळी मांडणी असलेली बशी. उजव्या हातात कागदी पेल्यातला चहा, जो नेमका त्याच वेळी पेलवत नाही इतका गरम. आणि समोरून एक प्रसन्न गृहस्थ हात पुढे करून येत आहेत. पेला बशीत ठेवावा तर तो इडलीवर कलतो, बशी टेबलावर ठेवावी तर सगळी टेबले दुसऱ्यांच्या बशांनी व्यापलेली. शिवाय नावाची चिकटपट्टी दारातल्या स्वयंसेविकेने मोठ्या आपुलकीने शर्टाच्या खिशावरच चिकटवलेली असते आणि व्हिजिटिंग कार्डे त्याच खिशात असतात. कार्ड काढायला बोटे घातली की आधी स्वतःचे नाव सोलावे लागते. मी तो पेला कसाबसा कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये धरून कार्ड काढले, तेव्हा माझे अर्धे नाव खिशाबरोबर राहिले आणि आडनाव सांबारात गेले. कार्डावरही एक थेंब पडला होता. त्या गृहस्थांनी ते निरखून पाहिले आणि "लोगो सुंदर आहे" असा अभिप्राय दिला.

त्यापुढचे संभाषण ऐकू येत नाही. १९११ मध्ये एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यांनी असे दाखवून दिले होते की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. आमच्या सभागृहात प्रत्येक जण शेजाऱ्याच्या गोंगाटावर मात करायला आवाज चढवतो आणि स्वतः शेजाऱ्याचा गोंगाट होतो. मग सव्वासातच्या सुमारास सगळे जण सर्व शक्तीनिशी ओरडत असतात आणि चेहऱ्यावर मात्र मंद स्मित राखून असतात. अशा वातावरणात मी एका गृहस्थांना "पाच प्लायची खोकी", म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याची, असे सांगितले आणि त्यांनी आनंदाने होकार देऊन मला प्लायवूडचे कपाट बनवणाऱ्या सभासदाकडे नेऊन उभे केले.

मग घंटा वाजते आणि आत्मपरिचयाचा कार्यक्रम सुरू होतो. प्रत्येकाने उभे राहून तीस सेकंदांत नाव, व्यवसाय, वैशिष्ट्य आणि आपल्याला कशा प्रकारचे गिऱ्हाईक हवे ते सांगायचे असते. वधूवर परिचय मेळाव्याला जे गेले असतील त्यांना याची रीत ओळखीची वाटेल; तिथेही माणूस स्वतःचे शिक्षण, उत्पन्न आणि अपेक्षा एका दमात सांगून घामेजून खाली बसतो, फरक इतकाच की तिथे निदान निम्म्या सभागृहाला दुसऱ्या निम्म्यात रस असतो. इथे सगळेच वरपक्षाचे. विकायला आलेले चाळीस आणि विकत घ्यायला आलेला एकही नाही, हे ज्याच्या लक्षात येते त्याने ते चेहऱ्यावर दिसू देऊ नये, हा या सभांचा अलिखित शिष्टाचार आहे.

परिचयाच्या शेवटी एक यमक जुळणारे घोषवाक्य म्हणायचे असते. भाच्याने मला "खोकं नीट, तर माल फिट" असे लिहून दिले होते. ते म्हणण्याची वेळच आली नाही. "मी खोकी तयार करतो" एवढे पहिले वाक्य उच्चारताच सभागृहाच्या मागच्या बाजूने कोणीतरी "एकदम ओके!" अशी साथ दिली आणि हशा पिकला. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर ती घोषणा दुमदुमल्यापासून महाराष्ट्रातल्या समस्त पुठ्ठाउद्योगाला हे सोसावे लागत आहे, आणि त्याबद्दल कोणत्याही पक्षाने आमची दिलगिरी व्यक्त केलेली नाही. हशा ओसरेपर्यंत माझी तीस सेकंदे संपली. तरीही त्या दिवशीचा माझा परिचय सर्वांत यशस्वी ठरला असावा, कारण नंतर भेटलेल्या प्रत्येकाला माझा व्यवसाय आठवत होता. फक्त कोणालाही खोकी नको होती.

परिचयानंतरची अर्धी घटका खुल्या गप्पांसाठी राखलेली असते. तिच्यात समोरचा माणूस आपले बोलणे ऐकताना आपल्या खांद्यावरून पलीकडे पाहत असतो, तिथे कोणी अधिक उपयोगाचा माणूस मोकळा झाला आहे का ते. मी एकदा वळून पाहिले, तर पलीकडचा माणूस याच्या खांद्यावरून पाहत होता. यातून सुटका करून घेण्याचा मराठी माणसाचा एक जुना मार्ग आहे, तो म्हणजे "आपण मूळचे कुठले?" असे विचारणे. सौर पॅनेल बसवणाऱ्या एका गृहस्थांना मी तसे विचारले, तर ते निघाले कराडचे; माझे आजोळ कराडचे. मग कृष्णा-कोयनेचा संगम, त्यांच्या चुलत्यांचे किराणा दुकान, ते दुकान माझ्या मामांना ठाऊक असणे आणि त्यांच्याकडे उधारी राहिलेली असण्याची शक्यता, असे बोलणे छान रंगले. त्यांनी मला सौर पॅनेलविषयी एक अक्षर सांगितले नाही आणि मीही त्यांना खोक्यांचा उपद्रव दिला नाही. पुढच्या आठवड्यापासून आम्ही दोघे दारातून आत आलो की सरळ एकमेकांकडेच जातो.

हे आमचेच वैगुण्य आहे असे वाटून मी खजील होतो, पण भाच्यानेच माझी समजूत काढली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील पॉल इंग्रॅम आणि मायकेल मॉरिस या संशोधकांनी एक मेळावा भरवून त्यात आलेल्या व्यावसायिकांच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावले होते आणि कोण कोणाशी किती वेळ बोलतो याची नोंद केली होती. नव्या माणसांना भेटायला आलो आहोत, असे जवळजवळ सगळ्यांनी आधी सांगितले होते. प्रत्यक्षात मात्र ती शिकली-सवरलेली मंडळी बराच वेळ आपल्या जुन्या ओळखीच्यांशीच बोलत राहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की नव्या ओळखी करण्यात सर्वांवर मात केली ती बारमागे उभे राहून पेये देणाऱ्या माणसाने.

आमच्याकडे सकाळी सात वाजता बार नसतो, चहाचा काउंटर असतो, आणि त्यामागे हॉटेलचे एक कॅप्टन उभे असतात. कोणाला बिनसाखरेचा लागतो, कोण दुसरा पेला मागायला लाजतो, कोणत्या सभासदाने वर्गणी थकवली आहे, हे सारे त्यांना पाठ. मी त्यांच्याशी बोललो तेही ओळख वाढवावी म्हणून नव्हे. काउंटरखाली पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचलेली होती आणि तळचे खोके कुशीवर फुगले होते. अशा वेळी माझा अंगठा आपोआप तिकडे जातो. पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद, आणि तो नागमोडी कागद, म्हणजे फ्लूट, दमटपणाने बसला की वरचे सगळे ओझे कोपऱ्यांवर येते. मी अंगठ्याने ते दाबून पाहत असताना कॅप्टननी विचारले, "काय हरवलं का साहेब?"

"नाही, फ्लूट बसलीय. तीन प्लायवर इतकी थप्पी लावत नाहीत, कॅप्टन."

त्यांनी हातातली किटली खाली ठेवली. त्यांचे मेहुणे सांगोल्याला डाळिंब करतात. त्यांची खोकी गाडीत दबतात, तळातली फळे डागाळतात आणि बाजारात भाव पडतो, असे ते म्हणाले, आणि मला पहिल्यांदाच कोणीतरी असा प्रश्न विचारला ज्याचे उत्तर मला येत होते. भोके किती, कुठे, आतून मापे काय, एका खोक्यात किती किलो, वर किती थर, हे सगळे चहा थंड होईपर्यंत चालले. विक्रीच्या गोष्टी मी त्यात एकदाही बोललो नाही, कारण समोरचा माणूस मला चहा देत होता. आठवडाभरात मेहुण्यांचा फोन आला, नमुने गेले आणि पाच प्लायच्या खोक्यांचे काम मिळाले.

भाच्याला हे सांगितल्यावर त्याने लगेच मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा निबंध ऐकवला. बॉस्टनच्या एका उपनगरात ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांतल्या सहांपैकी जेमतेम एकाला ती नेहमीच्या भेटीतल्या माणसामुळे लागली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून खबर मिळाली होती. आपल्या रोजच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते, असा त्याचा अर्थ. "म्हणजे मामा, नेटवर्किंग लागू पडलं!" असे म्हणून त्याने श्रेय घेतले.

श्रेय मंडळानेही घेतले. दर आठवड्याला पडद्यावर 'सभासदांनी परस्परांना मिळवून दिलेला व्यवसाय' असा एक आकडा झळकतो. माझी सांगोल्याची रक्कम त्यात मिळवण्यात आली, टाळ्या पडल्या आणि हे काम कोणामार्फत मिळाले ते मला उभे करून विचारण्यात आले. मी खरे ते सांगितले. त्यानंतरच्या सकाळी चहाला पंधरा मिनिटे उशीर झाला, कारण काउंटरला विम्याच्या पाचही शाखांनी वेढा घातला होता आणि आर्थिक स्वास्थ्याच्या बाई कॅप्टनना त्यांचे वय विचारत होत्या. सौर पॅनेलवाले कराडकर आणि मी कोपऱ्यात रिकामे पेले धरून उभे होतो. अध्यक्षांनी स्वतः पुढे होऊन कॅप्टनना सभासदत्वाचा अर्ज दिला. तो त्यांनी भरूनही दिला, परंतु खानपानसेवेची जागा आमच्याकडे आधीच भरलेली असल्यामुळे सध्या त्यांना प्रतीक्षायादीत ठेवण्यात आले आहे.