धूर दिसेना, आबा हटेनात

हळदीची पोती भरून सांगलीहून पुण्याला निघालेली आमची सहाचाकी उंब्रज सोडल्यावर उचक्या द्यायला लागली. मग पिकअप गेला. काशीळच्या अलीकडे, जिथे कामामुळे रस्ता नेमका आवळलाय, तिथेच ती बसली. बापूने कशीबशी कडेला घेतली आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

बापू माझा ड्रायव्हर. गाडी बंद पडली की तो आधी तंबाखू मळतो. मळून झाल्यावर म्हणाला, "मालक, मागं जावा, धूर बघा." त्याने स्टार्टर मारला. इंजिन गरागरा फिरतंय, पण सायलेन्सरमधून धुराचा पत्ता नाही. काळा धूर म्हणजे हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. काहीच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. इथवर निदान सरळ होतं. बापू पाना घेऊन गाडीखाली शिरला आणि तेवढ्यात आबा आले.

पांढरी टोपी, काखेत छत्री, पाऊस नसताना. नाव सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. लुना स्टँडवर लावून, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून, मागच्या टायरला लाथ मारून ते म्हणाले, "पावणं, पलग काढून बगितला का?"

"आबा, डिझेल गाडीला तसला प्लग नसतो."

"नसतोय कसा? माझ्या लुन्याला हाय की!"

"लुना पेट्रोलवर चालते."

"मग त्येच तर म्हणतोय म्या. लुन्याला हाय, ती चालतीया. तुमच्या गाडीला न्हाई, ती बंद पडलीया."

यावर काय बोलणार? तरी मी बोललो, हा माझा स्वभाव. म्हटलं, डिझेल इंजिनात नुसती हवा आत घेतात आणि सतरा-अठरा पट दाबतात. ती पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा उडाला की आपोआप पेट घेतो. ठिणगीची गरजच नाही.

"हवा दाबून कुटं पेटती व्हय? सायकलीत भरतोय की आमी."

"भरताना पंपाचं नळकांडं बोटाला चटका देतं की नाही?"

"पंप जुना असला की देतंय."

एव्हाना आणखी तिघे-चौघे जमले होते. एक जण मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. आबांनी त्यांना आपली पात्रता ऐकवली, "आमचा मेव्हणा यष्टीत हुता." मेव्हणा मेकॅनिक होता का, असं कुणीतरी विचारलं. "कंडाक्टर. पर पुढंच बसायचा."

हे इंजिन ज्यांनी शोधलं, त्या रुडॉल्फ डिझेल साहेबांचं पुढे काय झालं ठाऊक आहे? 1897 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला त्यांनी आपलं इंजिन नीट चालवून दाखवलं, जगभर नाव झालं, आणि 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री इंग्लंडला जाताना ते ड्रेसडेन नावाच्या बोटीवरून नाहीसे झाले. कुणी म्हणतं कर्ज, कुणी म्हणतं घातपात. काशीळला तासभर उभं राहिल्यावर मला खात्री आहे की डेकवर कुणीतरी छत्री घेऊन आलं होतं.

इकडे बापूने फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायला घेतला. बुडबुडे संपून स्वच्छ डिझेलची धार लागायला हवी होती. येत होता नुसता फेस. मारा पंप, फेसच. म्हणजे गाडी कुठून तरी हवा ओढत होती. आता कुठून, ते शोधायला एक कॅन हवा होता. जमलेल्यांकडे सल्ले मुबलक होते, कॅन एकाकडेही नव्हता. मी उन्हात चालत जाऊन एका ढाब्यावरून तेलाचा रिकामा डबा आणला, त्याचे वीस रुपये मोजले. रस्त्याच्या कामावर कुठे गाडी उभी करायला हातभर जागा ठेवायची नाही, आणि टोल मात्र पूर्ण घ्यायचा, हे गणित मला त्या चालण्यात फार जाचलं. अजून जाचतंय.

डब्यात डिझेल घेऊन बापूने टाकीचा पाईप बाजूला केला आणि पंपाला थेट डब्यातून नळी जोडली. एअर काढली, सेल्फ मारला, गाडी सुरू. म्हणजे पंप ठीक, फिल्टर ठीक, खोट टाकी ते पंप या मधल्या भागात. रबरी पाईपवर बोट फिरवत गेलो तर क्लिपच्या खाली चीर. बाहेरून ठणठणीत कोरडी! गळती असेल तिथे डिझेल ठिबकेल असं आपल्याला वाटतं, पण इथे पंप ओढतो, त्यामुळे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बापूने चिरलेलं टोक कापलं, पाईप पुढे ओढून पुन्हा क्लिप आवळली. खर्च शून्य.

इंजिन धडधडलं तशा टाळ्या पडल्या. आबांना. ते नव्याने आलेल्या दोघांना सांगत होते, "म्या आल्या आल्याच वळखलं. पलग." आणि त्या दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, की गाडीचे हप्ते हा माणूस फेडतो कसा.

पुण्यात व्यापाऱ्याने उशिराचे पैसे भाड्यातून कापले. उशीर झाला म्हणून हळद काय पिवळी पडते? पण मालवाहतुकीत भाड्याला हात घालायला कुणालाही कारण चालतं, आणि आपल्या कारणाला कुणी विचारत नाही. या वेळी मात्र मुनीमजींनी विचारलं, "झालं काय होतं गाडीला?"

मी टाकी, पाईप, क्लिप, आत ओढली जाणारी हवा, असं सगळं रीतसर मांडायला तोंड उघडलं. त्याआधीच बापू बोलला, "प्लग गेलता."

"मग आधी नाही का सांगायचं!" मुनीमजी म्हणाले, आणि कापलेल्यातले शंभर रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले. त्याच्या.