सनईचं तोंड आमच्या घराकडे

आज पहाटे गावच्या देवळात काकड्याला गेले आणि आरती अर्ध्यात सोडून बाहेर पायरीवर येऊन बसले. पन्नाशी उलटली माझी, असं आजवर कधी केलं नव्हतं.

काल भाऊबीज झाली, त्यासाठी माहेरी आले आहे. वाई तालुक्यातलं आमचं लहानसं गाव, भैरवनाथाचं दगडी देऊळ. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत काकडा चालतो. गारठा होता तरी वीस-बावीस माणसं आली होती. भूपाळ्या छान झाल्या, म्हाताऱ्या बायकांना अजून सगळ्या पाठ आहेत. मग आरतीला उभे राहिलो आणि कोपऱ्यातून एकदम धाडधाड सुरू झालं. भिंतीला लागून लोखंडी सांगाडा, त्यात नगारा, झांजा, घंटा आणि खाली मोटर. मोटर फिरते, दांडे उचलले जातात आणि आपटतात. वर पाटी, अमुक यांच्या स्मरणार्थ. त्या दगडी मंडपात आवाज असा घुमला की छातीत धडधडायला लागलं. शेजारी वहिनी आरती म्हणत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एक ऐकू येत नव्हता. निरांजन झालं, कापूर पेटला, त्या यंत्राला काही पत्ता नाही. लय चढली नाही की उतरली नाही. मी बाहेर आले. आरती संपल्यावरही बाहेर ते आपटणं ऐकू येत होतं, कारण बटण बंद करायला कुणी जाग्यावर नव्हतं.

बटणाचं काम ज्याच्याकडे आहे तो तात्यांचा नातू. हे कळलं तेव्हा मात्र मला रडू आलं.

तात्या म्हणजे आमचे गुरव. आमच्याकडे सनई गुरवाच्या घरातच होती. तात्या सनई वाजवायचे, त्यांचा भाऊ चौघडा, आणि पुतण्या सूर धरायचा. मी पाचवीत असताना आजी अंथरुणाला खिळली. ओढ्याच्या एका काठाला देऊळ, दुसऱ्या काठाला आमचं घर. आयुष्यभर एक काकडा न चुकवलेली बाई, तिला आता कूससुद्धा दुसऱ्यानं वळवावी लागत होती. एका पहाटे माझ्या वडिलांच्या लक्षात आलं की सनई रोजच्यापेक्षा मोठी ऐकू येते आहे. जाऊन बघतात तर तात्या गाभाऱ्याकडे तोंड करून बसायचे ते मंडपाच्या कडेला येऊन, ओढ्याकडे तोंड करून बसले होते. वडिलांना म्हणाले, "काकींना जाता येत नाही ना इथवर, म्हटलं आपणच जावं." सनईचं तोंड आमच्या घराकडे. पाच महिने ते तसेच बसले.

आता कुणीतरी मला सांगा, त्या सांगाड्याचं तोंड कुणाच्या घराकडे वळवायचं?

देवळाच्या कमिटीतल्या एकांना मी सकाळीच विचारलं. ओळखीचे आहेत, माझ्या भावाच्या वर्गातले. ते म्हणाले, "ताई, सनईत शब्द नसतात. लोकांना काही कळत नाही. आरतीला दणका पाहिजे, उत्साह वाटतो." शब्द नसतात म्हणून कळत नाही! हे वाक्य सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला त्या सनईतलं सगळं कळत होतं. ती पडल्या पडल्या हात जोडायची, आणि कुठे जोडायचे हे तिला सुरावरून कळायचं, देव उठले, स्नान झालं, आता ओवाळतात.

तात्यांकडे सगळ्या वेळांचं वेगळं होतं. त्यांच्या भाषेत "पहाटेचं", "धूपारतीचं", "शेजारतीचं". रागांची नावं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाहीत. पुढे लग्न होऊन पुण्यात आले, सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जायला लागले. एकदा तिथे ललत हा पहाटेचा राग ऐकला आणि अंगावर सरसरून काटा आला. ते दोन मध्यम एकाला एक लागून यायला लागले आणि मी मांडवात बसल्या जागी ओढ्याकाठी पोचले. हे तर तात्यांचं पहाटेचं! ज्या गोष्टीसाठी मी तिकीट काढून बसले होते ती गोष्ट एका गुरवानं माझ्या आजीला पाच महिने रोज घरपोच दिली होती.

आणि हे काही आमच्या गावापुरतं नाही. वाद्यसंगीत वाढलं कुठे? देवळात आणि नगारखान्यात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर नगारखाना का आहे? कोल्हापूरच्या अंबाबाईच्या महाद्वारावर का आहे? माणसांचा दिवस त्या वाजण्यावर उगवायचा आणि मावळायचा. बिस्मिल्ला खाँ बनारसला गंगेकाठच्या बालाजी मंदिरात वर्षानुवर्षं रियाज करायचे, त्यांचे मामा अलीबक्ष विश्वनाथाच्या मंदिरात सनईची सेवा करायचे. नमाज न चुकवणारा माणूस, आणि देवळात वाजवताना त्यांना कधी परकं वाटलं नाही. 1947 ला लाल किल्ल्यावर वाजली ती सनई देवळाच्या ओट्यावर तयार झालेली होती. 2001 ला भारतरत्न मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं पेपर वाचला. आपल्या पुण्याचे शंकरराव गायकवाड भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाकडे शिकले आणि त्यांनी गळ्यातलं गाणं सनईत आणलं. सोलापूरच्या जाधवांनी सनईपेक्षा लहान अशी सुंद्री मैफलीत नेऊन बसवली. आणि पखवाज! वारकऱ्यांनी तो गळ्यात अडकवून पंढरीची वाट चालवली म्हणून तो गावागावात टिकला. पखवाजाचं एक मोठं घराणं ज्यांच्या नावानं चालतं ते नाना पानसे आमच्या शेजारच्या बावधनचे. आमच्याच तालुक्यातले! त्या मातीत आता लोखंडी दांडा नगाऱ्यावर आपटतोय आणि कुणाला काही वाटत नाही.

शब्द नसतात म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. मी तमिळनाडूत श्रीरंगमच्या देवळात गेले होते, तिथे देवाची स्वारी निघताना नागस्वरावर, म्हणजे त्यांच्याकडच्या लांब सनईवर, मल्लारी वाजते. गंभीर नाट रागातली रचना, तिला शब्दच नाहीत. खास देवाच्या मिरवणुकीसाठी केलेली, आणि तिच्यात एक शब्द नाही! त्याच श्रीरंगममध्ये शेख चिन्ना मौलाना नागस्वर वाजवत राहिले. तिथल्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही, ढोलकीसारखी ती थविल आणि नागस्वर सुरू झालं की गर्दी आपोआप वाट करून देते. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गवई आणि वाजवणारे हजेरी लावतात. हजेरी लावणं, सेवा रुजू करणं, हे आपलेच शब्द आहेत ना? हजेरीला माणूस लागतो. मोटर कुणाची हजेरी लावणार?

हो, मला माहीत आहे, आता खाली कोण काय लिहिणार ते. मशीन आजारी पडत नाही, सुट्टी घेत नाही, रोज पहाटे उठणारी माणसं गावात उरली नाहीत. मान्य. सोमवारी दुपारच्या आरतीला देवळात दोनच म्हाताऱ्या असतात, तेव्हा घंटा कोण वाजवणार, हेही खरं. आणि जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणतच नाही. तात्यांना इनामाचा एक खडकाळ तुकडा होता आणि सुगीला पायलीभर धान्य. जत्रेच्या जेवणात वाजंत्री शेवटच्या पंगतीला बसायचे, वाजवून वाजवून गाल दुखत असायचे आणि पुढ्यात यायचा तळाचा भात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांच्या मुलानं सनई सोडून कंपनीत नोकरी धरली, बरोबरच केलं त्यानं. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

पण मशीनला पैसे निघाले ना! पंचावन्न हजार निघाले, आणि पाटीवर नाव आलं. नातवाला महिन्याचे दोन हजार मिळतात. पंचावन्न हजारांत दोन वर्षांहून जास्त काळ एक माणूस रोज पहाटे वाजवायला बसला असता. एवढा हिशोब कुणी केला नाही, याचा मला राग येतो. आणि सवाईला सनईनं सुरुवात झाली की डोळे मिटून माना डोलावणारे आपण, त्यातल्या किती जणांनी आपल्या गावच्या वाजवणाऱ्याला कधी विचारलंय, बाबा रे, यंदा सनईच्या तोंडाची जिभाळी घ्यायला पैसे आहेत का? मीही नाही विचारलं. तीस वर्षं येतेय जातेय. देवळात पाया पडायचे आणि निघायचे.

लग्नांचं तर बोलायलाच नको. कार्यालयात अक्षता पडायच्या वेळी स्पीकरवरून तीच ती रेकॉर्ड केलेली सनई. मुलगी बोहल्यावर यायला उशीर झाला तर ती संपते आणि पहिल्यापासून सुरू होते. वाजवणारा माणूस समोर असता तर मुलगी येताना दिसेपर्यंत त्यानं एक सूर धरून ठेवला असता. तिच्या आईचे डोळे भरलेले बघितले असते.

धरून ठेवण्यावरून आठवलं. लहानपणी मी तात्यांकडे हट्ट धरला होता की मला सूर धरू द्या. सूर म्हणजे दुसरी सनई, तिच्यावर एकच स्वर अखंड चालू ठेवायचा. नाकानं श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी गालात साठवलेल्या हवेनं फुंकत राहायचं, आवाज तुटता कामा नये. दोन फुंकरीत माझा दम गेला, डोळ्यांसमोर काजवे चमकले. तात्या म्हणाले होते, "पोटातून, पोरी. गालानं नुसतं राखायचं." पुतण्या बिचारा तासतासभर तो एक स्वर धरून बसायचा. त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, आणि तो थांबला की सगळंच उघडं पडायचं.

आजी गेली ती पौष महिन्यात. मला कुणी उठवलं नव्हतं. गावात मयत झालं की ते उठेपर्यंत देवळात पूजा होत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. रोज सनईनं जाग यायची, त्या दिवशी सनई वाजलीच नाही म्हणून जाग आली. घरात माणसं हळू बोलत होती, ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. मी दारात येऊन पलीकडे बघितलं तर तात्या मंडपाच्या कडेला, रोजच्याच जागेवर, सनई मांडीवर ठेवून नुसते बसले होते. तोंड आमच्याकडेच. दिवस वर येईपर्यंत बसले, मग उठून खांदा द्यायला आले.

हे लिहिताना आता सकाळचा राग थोडा खाली आलाय. त्या कमिटीवाल्यांशी मी जरा जास्तच तोडून बोलले. त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी आहे ती, त्यांनी भक्तीनंच दिलंय. पण मशीन चुकीचं आहे, हे मी त्यांच्या तोंडावर पुन्हा सांगेन.

दुपारी नातू घरी आला होता. तेवीस-चोवीसचा आहे, मला आत्या म्हणतो. मी विचारलं, सनई आहे का रे अजून? म्हणाला, "आहे की. आजोबांचीच. मला येते, आत्या." माझा विश्वास बसेना. तात्यांनी त्याला शेवटच्या चार-पाच वर्षांत शिकवलं होतं. घरी पळत जाऊन गवसणीतून काढून आणली. जिभाळी वाळून गेली होती, तोंडात धरून ओली केली, दोनदा फाटका आवाज आला, तो लाजला. तिसऱ्यांदा लागली. आमच्या ओसरीवर बसून त्यानं तात्यांचं पहाटेचं वाजवलं, दुपारी तीन वाजता. वेळ चुकीची आहे हे त्यालाही कळत होतं, आधीच म्हणाला, "आजोबा असते तर वाजवू दिलं नसतं आत्ता." पुढचं सगळं येत नाही त्याला, निम्म्यावर थांबला. वहिनी स्वयंपाकघरातून पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली होती.

मी म्हटलं, त्रिपुरीला वाजवशील का? कमिटीशी मी बोलते, तेवढ्या एका दिवशी मशीन बंद ठेवतील. म्हणाला, "वाजवीन की. पण सूर धरायला माणूस नाही, आत्या. चुलते थकले, त्यांना दम लागतो. एकट्यानं नाही वाजत."

म्हणून ही एवढी लांबलचक पोस्ट. आमच्या गावातले, वाई-साताऱ्याकडचे जे कोणी वाचत असाल, ओळखीत एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, मुलगीसुद्धा चालेल, मी विचारलंय त्याला, तर कळवा. त्रिपुरी पौर्णिमेला अजून बारा दिवस आहेत. सुराची सनई त्यांच्या घरात आहे, शिकवायला चुलते तयार आहेत, जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन माझ्याकडे. मधे दम तुटला तरी तो सांभाळून घेईन म्हणतोय. इथे मेसेज करा नाहीतर थेट भावाच्या घरी या, देवळासमोर, ओढ्यापलीकडचं पहिलं घर.