एका तासात नागपूर म्हणे!

"संभाजीनगर ते नागपूर, हवाई अंतर ४०४ किलोमीटर, वेळ अंदाजे १ तास." नेटवर शोधा, ढिगानं साइट्स हेच सांगतील. वर नकाशात छान रेष ओढलेली. एकीनं तर दोन्ही शहरांच्या घड्याळांतला फरकही दिलाय: शून्य तास! उपकार झाले. मी काय आमच्या चिकलठाणा विमानतळावरून न्यूयॉर्कला निघालोय?

त्या रेषेवरून विमान जातं का, एवढंच सांगा की! ते कुणी सांगत नाही. मला जायचं होतं त्या तारखांना थेट विमान एकही नव्हतं. मग तो एक तास कुणाचा? घारीचा?

हिशोबही ऐकून घ्या. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, त्यांच्यातलं सगळ्यात कमी अंतर काढायचं, ताशी आठशेनं भागायचं, चढाउतरायला अर्धा तास मिळवायचा. झालं. वेळापत्रक बघायचं कामच नाही. आणि असल्या छोट्या मार्गांवर बहुतेकदा एटीआर असतं, पंख्याचं विमान, वेग पाचशेच्या आसपास. म्हणजे थापसुद्धा धड मारता येत नाही यांना!

आता तिकीट काढायला जा. मुंबईमार्गे. जायचंय पूर्वेला, तर आधी पावणेतीनशे किलोमीटर पश्चिमेला जा, मुंबईत सहा तास खुर्ची उबवा आणि मग पावणेसातशे किलोमीटर परत उलटे या. नकाशावर मुंबई-नागपूर पट्टी ठेवून बघा, ती जवळजवळ आपल्याच शहराच्या डोक्यावरून जाते. म्हणजे सकाळी जिथून निघालो, संध्याकाळी त्याच गावावरून उडत जायचं, पैसे मोजून! वेगवेगळी तिकिटं काढली तर बॅग सोडवा, टर्मिनल वेगळं असेल तर रिक्षा करा, परत रांग. दुसरा पर्याय दिल्लीमार्गे. चारशे किलोमीटरसाठी अठराशे. हा पर्याय दाखवताना त्या ॲपला जराही लाज वाटत नाही.

आणि नागपूरचा मामेभाऊ फोनवर, "विमानानं येऊन जा ना बे, एका घंट्याचं तर काम आहे." यालाही तीच साइट सापडलीय. काउंटर तासभर आधी बंद, त्याआधी जालना रोडचं ट्रॅफिक, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरल्यावर पट्ट्यासमोर बॅगेची वाट. हे कुठल्याच घंट्यात धरलेलं नाही. समृद्धीनं साडेचारशेच्या आसपास किलोमीटर पडतात, गाडीला १२०ची मर्यादा. चहा-पाणी धरून सहा तासांत माणूस दारात.

छोटी शहरं विमानानं जोडायची सरकारची 'उडान' योजना २०१६ची. हवाई चप्पलवाल्यानं विमानात बसायचं होतं, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगचा २०२३चा अहवाल काय म्हणतो? योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झालं नाही. पण या साइट्सवर टाकून बघा, त्या सगळ्यांचं अंतर मिळेल, वेळ मिळेल, घड्याळातला फरकही मिळेल. पहिल्या ओळीत "थेट विमान नाही" एवढं लिहायला काय हात मोडतात का?

ट्रॅव्हल्सचं स्लीपर काढलंय. बर्थ मिळालीय नेमकी मागच्या चाकावरची.