त्र्याऐंशीच्या आधी आपलं क्रिकेट होतंच कुठे?

दर वर्षी २५ जून उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मजकूर फिरायला लागतो. वर लॉर्ड्सच्या गॅलरीत १९८३ चा विश्वचषक घेतलेला कपिल देव आणि खाली भलामोठा परिच्छेद. यंदा मामेभावाने पाठवला, 'सगळ्या ग्रुपवर टाक' अशा ताकिदीसह. सार असं: १९८३ पर्यंत भारत नुसता हरायचा, परदेशात जिंकणं तर ठाऊकच नव्हतं. वेगवान गोलंदाज नव्हते. फलंदाज स्वतःपुरते टुकुटुकू खेळायचे. मग एके दिवशी चमत्कार झाला, मग मागे वळून पाहिलं नाही आणि भारत क्रिकेटचा मालक बनला.

ग्रुपवर टाकला नाही. उत्तर लिहायला बसलो.

आधी परदेशाचं घेऊ, कारण तिथे हा मजकूर सरळसरळ खोटा आहे. पतौडीच्या संघाने १९६८ साली न्यूझीलंडमध्ये मालिका ३-१ अशी जिंकली. आणि १९७१? ते साल पुसून टाकायचं म्हणजे हद्दच झाली. निवड समितीचा प्रमुख विजय मर्चंट याच्या निर्णायक मताने वाडेकर कर्णधार झाला आणि संघ वेस्ट इंडिजला निघाला. किंग्स्टनची पहिली कसोटी. पहिला दिवस पावसात गेला, दुसऱ्या दिवशी आपले पाच बाद ७५. तिथून मडगावच्या दिलीप सरदेसाईने २१२ काढले, साथीला एकनाथ सोलकर. आपले ३८७ झाले, वेस्ट इंडिज २१७ वर आटोपलं. आघाडी १७० ची. एरवी फॉलोऑनला, म्हणजे मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावायला, २०० ची आघाडी लागते, पण पहिला दिवस वाया गेला तर १५० पुरतात. हे वाडेकरच्या लक्षात होतं. तो समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि त्यांचा कर्णधार सोबर्सला सांगितलं, पुन्हा फलंदाजीला या. सामना अनिर्णित राहिला, पण दादर-शिवाजी पार्कच्या माणसाने वेस्ट इंडिजला त्यांच्याच घरात फॉलोऑन दिला होता. पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी सात गडी राखून जिंकली आणि मालिकाही. त्या मालिकेत सरदेसाईच्या ६४२ धावा झाल्या. पहिल्यांदाच कसोटी खेळणाऱ्या गावसकरच्या चार सामन्यांत ७७४.

त्याच उन्हाळ्यात लंडनमधली ओव्हलची कसोटी. सलग २६ कसोट्या न हरलेला इंग्लंड. पोलिओने उजवा हात बारीक झालेल्या चंद्रशेखरने त्याच हाताने ३८ धावांत सहा बळी घेतले आणि इंग्लंड १०१ वर गारद. गणेश चतुर्थीचं निमित्त साधून आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानात आणली होती. १७३ चं लक्ष्य चार गडी राखून गाठलं. कप नव्हता हो तेव्हा कुठलाच. मग फोटो कशाचा फिरवणार?

'नुसता हरायचा' यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पहिला कसोटी विजय मिळायला २० वर्षं लागली. १९५९ ला इंग्लंडमध्ये ५-०, १९६२ ला वेस्ट इंडिजमध्ये ५-०, १९७४ ला लॉर्ड्सवर सर्व बाद ४२. या जखमा खऱ्या आहेत. पण हरणं आणि काहीच नसणं यात फरक असतो. १९५२ च्या लीड्स कसोटीत इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ट्रूमनपुढे आपली दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद अशी अवस्था झाली, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच मालिकेतली पुढची कसोटी कुणी सांगत नाही. विनू मंकड तेव्हा इंग्लंडमधल्याच एका लीग क्लबकडे व्यावसायिक म्हणून खेळत होता. दौऱ्याच्या संघात तो नव्हता, क्लबकडून मोकळीक मिळवून त्याला बोलावलं. पहिल्या डावात ७२. मग ७३ षटकं टाकून पाच बळी. मग पुन्हा सलामीला जाऊन १८४. सामना आपण आठ गडी राखून हरलो. अशा माणसाला 'हरणारा' म्हणायला जीभ कशी उचलते, कोण जाणे.

वेगवान गोलंदाजांबद्दल अर्धं मान्य. साठ-सत्तरच्या दशकात आपला नवा चेंडू म्हणजे सोलकर आणि आबिद अली. दोघेही गुणी, पण काम मुख्यतः चकाकी घालवून चेंडू फिरकीवाल्यांच्या हाती देण्याचं. ते कधीकधी गावसकरनेही केलंय. मात्र कपिल पहिला नव्हे. आपल्या पहिल्यावहिल्या कसोटीत, १९३२ साली, इंग्लंडचे १९ धावांत तीन गेले होते. दोन्ही सलामीवीर, सटक्लिफ आणि होम्स, मोहम्मद निसारने त्रिफळाचीत केले. डावात त्याचे पाच बळी. दुसऱ्या टोकाला अमर सिंग. पुढे मुंबईचा चणीने छोटा रमाकांत देसाई. त्यानंतर दुष्काळ पडला, इतकंच.

आता टुकुटुकू. हा आरोप फिरून फिरून गावसकरच्या त्या डावावर येतो: १९७५ चा विश्वचषक, इंग्लंडचे ३३४, गावसकर ६० षटकं खेळून नाबाद ३६. १७४ चेंडू. त्याचं समर्थन मी करणार नाही, कुणालाच ते जमलेलं नाही. पण एका डावावरून माणूस ठरवायचा तर १९७९ ची ओव्हल घ्या की. शेवटच्या डावात ४३८ हव्या होत्या. गावसकर आणि आपल्या महाराष्ट्राकडून खेळून वर आलेला चेतन चौहान यांनी २१३ ची सलामी दिली. गावसकर २२१ वर बाद झाला, आपण आठ बाद ४२९ वर थांबलो. नऊ धावा कमी. त्याआधी १९७६ ला पोर्ट ऑफ स्पेनला ४०३ चं लक्ष्य चार गडी गमावून गाठलं होतं; गावसकर १०२, विश्वनाथ ११२. टुकुटुकू खेळून चारशे होत नाहीत.

चमत्काराचं म्हणाल तर, विश्वचषकाच्या सवा दोन महिने आधी, २९ मार्च १९८३ ला गयानातल्या बर्बिसमध्ये याच मंडळींनी वेस्ट इंडिजला एकदिवसीय सामन्यात २७ धावांनी हरवलं होतं. भारत २८२. त्यात ९० कोणाच्या? त्याच टुकुटुकूवाल्याच्या. कपिलच्या ७२. मग विश्वचषकातल्या पहिल्याच सामन्यात पुन्हा वेस्ट इंडिज, पुन्हा विजय. अंतिम सामन्यात लॉइडचा वेस्ट इंडिज संघ चकित झाला असेल, कपिलला तितकं आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. आणि 'मग मागे वळून पाहिलं नाही' हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याला तोच हिवाळा आठवत नाही. लॉइड, मार्शल आणि मंडळी इथे आली आणि कसोटी ३-०, एकदिवसीय ५-० असं धुऊन गेली.

राहता राहिली मालकी. विश्वविजेत्यांना बक्षीस द्यायला भारताच्या क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते. लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला तेव्हा प्रत्येकाला एक लाख मिळाले. आयसीसीचं, म्हणजे जागतिक क्रिकेट चालवणाऱ्या संस्थेचं, अध्यक्षपद १९८९ पर्यंत लॉर्ड्सवाल्या एमसीसी क्लबच्या अध्यक्षाकडे आपोआप जात होतं. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा नकाराधिकार सुटायला १९९३ उजाडलं. त्याच सुमारास सामना दाखवायचा तर मंडळानेच पैसे द्यावेत, असा दूरदर्शनचा आग्रह होता. १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता ठरवली, तेव्हा ती गाठ सुटली. आजची श्रीमंती त्या निकालातून आणि टीव्हीच्या हक्कांतून आली.

हे सगळं पाठवल्यावर मामेभावाचं दोन मिनिटांत उत्तर आलं: 'बरं बरं. पण कप २५ जूनलाच आला ना?'

आला की. लॉर्ड्सवर. निसारने जिथे सटक्लिफची दांडी उडवली तिथेच. तीही तारीख २५ जूनच होती, ५१ वर्षं आधीची.