कन्सोलचा गोतावळा

गेम खेळायचा कन्सोल घेतला की खर्च संपला, असं समजणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटतो. कन्सोल खोक्यातून बाहेर येतो न येतो तोच त्याला उभं राहायला स्टँड लागतो, गार राहायला पंखा लागतो, कंट्रोलरला चार्जिंगचा तळ लागतो आणि आपल्या कानांना हेडफोन. प्रत्येक वस्तूच्या खोक्यावर एक हसरा चेहरा असतो. आतल्या वस्तूची केबल कुठे जाते, हे त्या चेहऱ्याला अजून कळलेलं नसतं.

यातलं काय घ्यावं, याची माझी कसोटी साधी आहे. ही वस्तू आपल्याकडच्या सगळ्या गेमना उपयोगी पडते, की हिच्यासाठी कोणीतरी मुद्दाम गेम बनवायला हवा? दुसरं असेल तर खिशातून हात बाहेर काढावा, पण रिकामा.

इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १९८५ साली निन्टेन्डो या कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने ‘रॉब’ नावाचा छोटा रोबो काढला. टीव्हीच्या पडद्यावरच्या झगमगाटातून हुकूम घ्यायचा आणि भोवरे उचलून ठेवत दुसऱ्या कंट्रोलरची बटणं दाबायची, हे त्याचं काम. धाकट्या भावंडाला हेच काम दहापट वेगाने आणि विनाबॅटरी जमलं असतं. रोबोसाठी गेम निघाले ते एकूण दोन.

सेगा या दुसऱ्या कंपनीने तर कळस केला. तिच्या जेनेसिस कन्सोलला खालून सीडी ड्राइव्ह आणि वरून त्याची ताकद वाढवणारं ३२एक्स. तिघांना तीन स्वतंत्र पॉवर ॲडॉप्टर, आणि तेही इतके जाडजूड की एकाने शेजारचं सॉकेटही अडवावं. चित्राची केबल जेनेसिसमधून ३२एक्समध्ये आणि तिथून टीव्हीत. हे ३२एक्स अमेरिकेत १९९४ च्या नोव्हेंबरात आलं आणि त्याच महिन्यात सेगाने जपानमध्ये सॅटर्न हा अख्खा नवा कन्सोल विकायला काढला! मग गेम बनवणाऱ्यांनी कुणाकडे बघायचं? ३२एक्सच्या वाट्याला सगळे मिळून चाळीसच्या आसपास गेम आले.

अंगाच्या हालचाली टिपणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट या सेन्सरची गंमत आणखी वेगळी. एकट्याने खेळायचं तर सेन्सरपासून साधारण सहा फूट मागे उभं राहायचं, दोघांनी खेळायचं तर आठ फूट. म्हणजे आधी सोफा सरकवा, मग टीपॉय, मग घरातली माणसं. २०१६ च्या एक्सबॉक्स वन एस या मायक्रोसॉफ्टच्याच कन्सोलवरून किनेक्टचं पोर्टच गायब झालं आणि तो जोडायला वेगळा ॲडॉप्टर आला. त्याला स्वतःचा वीजपुरवठा. जोडसामानाला जोडसामान! पुढे तो ॲडॉप्टरही बनायचा बंद झाला.

उलट निन्टेन्डो ६४ या कन्सोलची मेमरी ४ एमबीवरून ८ एमबी करणारा एक्स्पान्शन पॅक बघा. ना लाईट, ना आवाज, टोपणाखाली गपचूप बसणारा. पण काही गेम त्याच्याशिवाय सुरूच होत नव्हते आणि कित्येकांचं चित्र त्याच्यामुळे सुधारत होतं. देखणेपणात शून्य, उपयोगात पैकीच्या पैकी.

आज हा मान स्टोरेजचा. सोनीच्या पहिल्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) मध्ये ८२५ जीबी लिहिलेलं, हाताशी येतात साधारण ६६७. हल्लीचा एकेक गेम शंभर जीबी गिळतो, तेव्हा सहा-सात गेमनंतर कोणाला काढायचं यावरून घरात वाद. इथे लोक हटकून घरात पडलेली यूएसबी हार्ड डिस्क लावतात. जोडली जाते ती, पण तिच्यावरून पीएस४ चेच गेम चालतात. पीएस५ चे गेम नुसते ठेवता येतात, खेळताना परत आत आणावे लागतात. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसवरही तीच तऱ्हा. निन्टेन्डोचा स्विच २ तर जुन्या मायक्रो एसडी कार्डावर गेम ठेवूनच घेत नाही, त्याला मायक्रो एसडी एक्स्प्रेस लागतं. दोन्ही कार्डं दिसायला जुळी, त्यामुळे पाकीट वाचूनच घ्या.

पीएस५ च्या आत बसवायला घ्यायची ती एसएसडी, म्हणजे वेगवान साठवणीची छोटी पट्टी. खोक्यावर एम.२ एनव्हीएमई आणि पीसीआयई जेन ४ लिहिलेलं हवं, वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त. एम.२ साटा ही जुन्या, मंद जोडणीची पट्टी चालत नाही, आकार तोच असला तरी. उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, म्हणजे हीटसिंक हवाच, पण सगळं मिळून उंची ११.२५ मिमीच्या आत. डोंगराएवढा हीटसिंक घेतला की वरचं झाकण बसत नाही, आणि मग माणूस झाकणाला दोष देतो.

बसवताना कन्सोल पूर्ण बंद करा, वायर काढा, गार होऊ द्या. बाहेरचं पॅनेल सरकवून काढा, स्लॉटच्या झाकणाचा स्क्रू फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने सोडवा. आत ३०, ४२, ६०, ८०, ११० असे आकडे कोरलेले दिसतील, ते एसएसडीच्या मिमीमधल्या लांबीचे. नेहमीची २२८० (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) एसएसडी असेल तर छोटा स्क्रू आणि त्याखालची चकती ८० वर न्या. ही चकती हलवायची राहिली की एसएसडी वाकडी बसते. खाच जुळवून एसएसडी तिरकी आत ढकला, मग आडवी करून स्क्रू लावा, हलक्या हाताने. हीटसिंक वेगळा चिकटवणार असाल तर थर्मल पॅडवरची (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणाऱ्या मऊ पट्टीवरची) पारदर्शक फिल्म आधी सोलायची. ती तशीच राहिली तर महागडी चिप प्लास्टिक पांघरून तापत बसते. झाकणं लावून कन्सोल सुरू केला की तो स्वतःच फॉरमॅट करू का म्हणून विचारतो. विचारलं नाही, तर एसएसडी शेवटपर्यंत आत गेलेली नाही असं समजा आणि पुन्हा उघडा. स्क्रू या घटकेला सोफ्याखाली जातो.

हेडफोनमध्ये घोडं ब्लूटूथपाशी पेंड खातं. फोनला चालणारा बिनतारी हेडफोन पीएस५ किंवा एक्सबॉक्सला थेट जोडता येत नाही. पीएस५ ला यूएसबी डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) लागतो, एक्सबॉक्सची स्वतःची बिनतारी पद्धत आहे. स्विचला २०२१ मध्ये ब्लूटूथ ऑडिओ मिळाला, पण माइक चालत नाही. यावर माझा तोडगा गबाळा आहे: पीएस५ किंवा एक्सबॉक्सच्या कंट्रोलरच्या ३.५ मिमी भोकात वायरवाला इअरफोन. ना चार्जिंग, ना जोडणी, ना चित्रापेक्षा आवाज उशिरा येण्याची भानगड.

मागे अडकवायच्या पंख्यांबद्दल थोडक्यात: नको. कन्सोलचा पंखा हवेची वाट ठरवूनच बसवलेला असतो. चार बोटं मोकळी जागा आणि धूळ झटकणं पुरतं.

राहिलं स्टिअरिंग व्हील. माझ्या कसोटीत ते मधोमध लोंबकळतं, कारण गाड्यांचे गेम भरपूर आहेत, पण ते फक्त गाड्यांचेच. रोज गाडीच चालवणार असाल तर घ्या. प्लेस्टेशनचं व्हील एक्सबॉक्सवर चालेलच असं नाही, तेव्हा खोक्यावरचं नाव बघा. व्हील टेबलाला आवळणाऱ्या क्लॅम्पसाठी टेबलाची जाडी मोजा, काचेच्या टेबलाचा विचार सोडा. आणि खुर्चीला चाकं असतील तर कडक ब्रेक करकचून दाबताच पडद्यावरची गाडी जागच्या जागी थांबते आणि चालक खुर्चीसकट भिंतीला जाऊन टेकतो. खुर्चीची चाकं रोखायला खास वाट्या मिळतात. त्या अर्थातच वेगळ्या घ्याव्या लागतात.