शनिवारची मजुरी

सलाम मंडळी.

हे लिहू की नको यात तीन आठवडे गेले. शेवटी लिहायला बसलो, कारण चूक माझी आहे आणि ती दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

आमच्या चर्चच्या आवारात फरशीचं काम चालू होतं. मी कमिटीवर खजिनदार. (कुठलं चर्च ते कमेंटमध्ये विचारू नका, ज्यांना माहीत आहे त्यांनी गप्प बसा.) ठेकेदाराला दर शनिवारी हप्ता द्यायचा आणि त्याने मजुरांची आठवड्याची मजुरी चुकती करायची, असं ठरलेलं. त्या शनिवारी चेकवर दुसरी सही करणारे पंच गावाला गेलेले. ठेकेदार म्हणाला, चर्चने दिले की मी देतो. मी म्हणालो, सही झाली की देतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर! संध्याकाळी सहाच्या सुमारास एक मजूर बाई कडेवर पोर घेऊन ऑफिसच्या पायरीवर येऊन बसली. भांडली नाही, आवाज चढवला नाही. "सायेब, आज बाजार हाय," एवढंच म्हणाली. मी तिला सोमवारी यायला सांगितलं आणि आत गेलो, कारण साडेसहाला संजीवन सभा होती, म्हणजे विश्वास नव्याने जागा करणारी सभा. मागच्या बॅनरवर विषय लिहिलेला : पवित्रीकरण, म्हणजे विश्वासी माणसाने पवित्र होत जाणं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या पाळकसाहेबांनी बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र घेतलं. 'तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे.' संदेश चांगला होता. मला मात्र संदेश चालू असताना संदर्भ शोधत पानं उलटायची जुनी खोड. पेत्राने हे वाक्य घेतलंय जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातून. अकराव्या अध्यायात ते आहे आणि एकोणिसाव्याच्या दुसऱ्या वचनातही. एकोणिसावा उघडला, सहज खाली वाचत गेलो आणि तेराव्या वचनाशी अडकलो. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवून घेऊ नकोस.

रात्र होऊन गेली होती. सकाळचे साडेदहा वाजले होते. चेकबुक माझ्या कपाटात होतं.

माझं बालपण यवतमाळ जिल्ह्यातलं. आमचं घराणं फ्री मेथडिस्ट या प्रोटेस्टंट मंडळीतलं, म्हणजे 'पवित्रता' हा शब्द आम्ही पाळण्यातच ऐकलेला. पण तो नेहमी नकाराच्या यादीसोबत यायचा. सिनेमा नको, तमाशा नको, विडी नको, पत्ते नको, रविवारी बाजार नको, अंगावर दागिना नको. माझी आजी ही सगळी यादी पाळायची. त्या यादीला मी आज हसणार नाही. आमच्या वस्तीतली निदान चार घरं मला माहीत आहेत, जिथे दारू सुटली म्हणून पोरं शाळेत गेली. नवऱ्याने बाटली सोडणं ही त्या घरातल्या बाईसाठी केवढी मोठी सामाजिक क्रांती असते, हे शहरातल्या परिसंवादात बसून कळत नाही.

पण आजीचं अर्धं आयुष्य त्या यादीत कुठेच नव्हतं. ती दिवाळीनंतर कापूस वेचायला जायची. कमरेला ओटी बांधून दिवसभर पऱ्हाटीतून फिरायचं, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं फाटायची, आणि संध्याकाळी मालकाच्या काट्यावर कापूस तोलला जायचा. मजुरी किलोवर. ओल आहे म्हणून कापायचं, कचरा आहे म्हणून कापायचं, आणि काट्याला जो झोल असायचा तो वेगळाच. आजी म्हणायची, "कापूस खोटं नाई बोलत, काटा बोलते." मी इतके संदेश ऐकले, पण काट्यावर एकही ऐकल्याचं आठवत नाही. लिपस्टिकवर मात्र ऐकले आहेत.

आणि गंमत अशी, की काटा त्याच एकोणिसाव्या अध्यायात आहे. खरी तागडी, खरी वजनं, खरी मापं ठेवा. देव इस्राएलाला 'पवित्र व्हा' म्हणतो आणि मग पवित्र म्हणजे काय ते सांगत जातो. शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक झाडून कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. न्याय करताना गरिबाची भीड धरू नका आणि थोराचं तोंडही पाहू नका. तुमच्यात राहणाऱ्या परदेशी माणसाला छळू नका, तुम्हीही मिसरात (इजिप्तमध्ये) परदेशी होता. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे जे आपण भिंतीवर रंगवतो, तेही याच अध्यायातलं. प्रार्थना किती तास करावी हे तिथे नाही. दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड अंगात घालू नये, हे मात्र आहे. टेरीकॉटची पँट घालून पवित्रतेवर बोलणारे आम्ही ते वचन सोयीने विसरतो, आणि विसरायचीच सवय लावून घेतली तर तागडी विसरणंही जड जात नाही.

आता 'फ्री मेथडिस्ट' या नावाबद्दल. लहानपणी मला वाटायचं, फ्री म्हणजे फुकट. पुढे इतिहास वाचला तेव्हा कळलं की मी फारसा चुकलो नव्हतो! अमेरिकेत त्या काळी अनेक चर्चमधली बाकं भाड्याने दिली जायची. पैसेवाल्यांची घराणी पुढे, गरीब मागे किंवा उभे. बी. टी. रॉबर्ट्स नावाच्या पाळकाने याविरुद्ध लिहिलं, श्रीमंतीला शरण गेलेल्या चर्चवर टीका केली, आणि १८५८ साली मेथडिस्ट चर्चने त्यांना काढून टाकलं. १८६० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन गावी नवी मंडळी उभी राहिली. नावातल्या 'फ्री'चा एक अर्थ असा की बाकं फुकट, कुणीही कुठेही बसावं. दुसरा अर्थ गुलामगिरीला विरोध, म्हणजे माणसं विकणाऱ्याशी तडजोड नाही. हेच लोक पवित्रीकरणाचा उपदेश सगळ्यात जोरात करायचे. त्यांना यात दोन वेगळे विषय दिसतच नव्हते. रॉबर्ट्स पुढे बायकांच्या पाळकपदासाठीही भांडले, आणि तिथे त्यांच्याच मंडळीने १८९० साली त्यांचं ऐकलं नाही. म्हणजे तेव्हाही सगळं गोडगुलाबी नव्हतं.

ही माणसं पुढे यवतमाळपर्यंत आली. नाव आलं, यादी आली. बाकांची गोष्ट वाटेत कुठे गळाली कोण जाणे. आमच्याकडे बाकं भाड्याने नाहीत, हे खरं. पण सोयरीक ठरताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न अजून हळू आवाजात विचारला जातोच ना? महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती असं बाप्तिस्म्यानंतरही चार पिढ्या चालतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीतून वगळलं, याविरुद्ध आपण निवेदनं देतो. दिलीच पाहिजेत. तिथे आपण सांगतो की धर्म बदलला तरी जात सुटत नाही. घरी येऊन पत्रिका छापताना मात्र तीच जात आपण जपतो.

कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेचं. ठीक, मग पंडिता रमाबाईंच्या केडगावला जाऊ. पुणे-सोलापूर रेल्वेने दौंडच्या अलीकडे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीने गेले होते. त्यामुळे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुलींचे हाल कानावर आले तेव्हा त्यांना घरी बसवेना. त्या गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी. केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना घातला आणि तो मुलींनी चालवला. दृष्टिहीनांसाठी बार्तीमी सदन, समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायकांसाठी कृपा सदन. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगमध्ये सरकारी व्यवस्थेत बायकांची काय अवस्था होते, हे त्यांनी वर्तमानपत्रात उघडपणे लिहिलं. स्वतः ख्रिस्ती, राज्यकर्तेही ख्रिस्ती, म्हणून गप्प राहावं असं त्यांना वाटलं नाही.

याच केडगावात १९०५ साली ते संजीवन झालं, ज्याचं नाव जगभरचे पेंटेकॉस्टल लोक, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारे ख्रिस्ती, आजही घेतात. मुली रात्र रात्र प्रार्थनेत, रडणं, पापकबुली, पवित्र आत्म्याचा अग्नी. आमच्या सभांमध्ये या संजीवनाची साक्ष मी कितीदा ऐकली असेल, पण त्यात विहीर कधी आली नाही. अग्नी उतरला तो ज्यांच्यावर, त्या दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरी होत्या, आणि सकाळी उठून त्याच पोरी छापखान्यात खिळे जुळवत होत्या. रमाबाईंना कुणी विचारलं असतं, बाई, तुमचं आध्यात्मिक कार्य कोणतं आणि सामाजिक कोणतं, तर मला वाटतं त्यांनी त्या माणसाला आधी रहाटावर पाणी ओढायला लावलं असतं.

आता आक्षेपाकडे येतो, कारण तो मलाही पडतो. "भाऊ, मग चर्च आणि एनजीओ यांत फरक काय?" मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांचं १७३९ चं एक वाक्य यावर हमखास फेकलं जातं, की सामाजिक पवित्रतेवाचून पवित्रता नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर वेस्लींचा रोख तिथे मोर्चांकडे नव्हता. एकट्याने कोपऱ्यात बसून पवित्र होता येत नाही, भावाबहिणींच्या संगतीतच होता येतं, असं ते म्हणत होते. पण तोच माणूस १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहितो, आणि मरणाच्या सहा दिवस आधी, २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, गुलामगिरीविरुद्ध लढणारे ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स यांना पत्र लिहून लढा चालू ठेवा म्हणतो. तेव्हा वाक्याचा अर्थ वाक्यात शोधण्यापेक्षा आयुष्यात शोधावा.

उलटी चूकही मी पाहिली आहे. काही वर्षं मी एका संघटनेबरोबर होतो. घोषणा खणखणीत, पण कार्यकर्ते ऑफिसातल्या चहा देणाऱ्या पोराशी ज्या सुरात बोलायचे तो ऐकवत नसे. न्यायाची भाषा बोलता बोलता माणूस किती कडवट होऊ शकतो, हे मी माझ्याच घरी बायकोकडून ऐकलंय. उपास-प्रार्थना सोडून मोर्चाला जा, असं मी म्हणत नाहीये. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातही लोक उपास करतातच की. देवाची तक्रार एवढीच, की उपासाच्या दिवशीच तुम्ही मजुरांना राबवून घेता.

आणि राजकारण? हा शब्द आला की आमची कमिटी एकदम एकमताची होते. झारखंडात आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी यांना भीमा कोरेगाव प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक झाली. वय ८३, पार्किन्सन्स, हातात पेला धरवत नाही. तळोजा कारागृहात त्यांना पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर हवा होता, आणि तेवढ्यासाठी अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात ते गेले, तेव्हा खटला सुरूही झाला नव्हता. त्या काळात ऑनलाइन प्रार्थनासभेत त्यांचं नाव घ्यावं का, यावर आमच्यात अर्धा तास चर्चा झाली. ते कॅथलिक, आपण प्रोटेस्टंट. उगाच नजरेत यायला नको. शेवटी 'तुरुंगातील सर्व बंधूंसाठी' अशी मोघम प्रार्थना झाली. भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरगुती प्रार्थनासभेत माणसं घुसून धर्मांतराचे आरोप करून गेली आहेत, त्यांना मी धाडसाचे धडे देणार नाही. पण त्या भीतीला आम्ही 'आध्यात्मिकता' हे नाव दिलं, ते मला तेव्हाही खटकलं होतं. मी तेव्हा बोललो नाही.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी पाद्र्याच्या झग्यातच हरित वसईसाठी लढा दिला. २०२० साली धाराशिवला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांचे फोटो अभिमानाने शेअर केले. लढा चालू असताना किती जण सोबत होते, तो हिशेब ज्याने त्याने करावा.

तर त्या रविवारी. उपासना संपल्यावर प्रीतिभोजन होतं, मी थांबलो नाही. एटीएममधून स्वतःचे पैसे काढले आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांकडे गेलो. ती बाई चुलीपुढे होती. पैसे दिले, तिने दोनदा मोजले. माफी मागितली, तर तिला कळेना कशाबद्दल. मजुरी उशिरा मिळणं हे तिच्या लेखी पावसासारखं, कुणी करत नसतं, होतं. "पर बाजार गेला ना," म्हणाली. पुढचा बाजार शनिवारी.

कमिटीत मी प्रस्ताव दिलाय की आवारात काम करणाऱ्या कुणाचीही मजुरी त्याच दिवशी, रोख, चर्चने थेट द्यायची, ठेकेदाराच्या हिशेबातून वजा करायची. एका पंचांनी विचारलं, ऑडिटला काय दाखवणार? दुसरे म्हणाले, ठेकेदार नाराज होईल. प्रश्न रास्त आहेत, उत्तरं शोधतोय. कुणाच्या मंडळीत अशी पद्धत असेल तर व्हाउचर कसं करता ते कळवा.

येत्या रविवारी उपासनेनंतर मीटिंग आहे. विषयपत्रिकेवर आमचा विषय सहावा. त्याच्या आधी साउंड सिस्टिम आणि कापणीच्या सणाचा मंडप.